जमिनीचा सातबारा सरकार ठेवतं. जगण्याचा कोणी ठेवायचा?

नवऱ्याची पुण्याहून अमेरिकेतल्या वॉटर्लूला नेमणूक झाली, तेव्हा आम्ही शेजारच्या सीडर फॉल्समध्ये घर घेतलं. आयोवा राज्यातली ही दोन गावं एकमेकांना चिकटलेली. वॉटर्लूमधली इंजिनाची एक कंपनी जॉन डिअरने १९१८ साली विकत घेतली आणि तेव्हापासून हे ट्रॅक्टरचं गाव झालं. सानसवाडीचा कारखाना आणि मगरपट्ट्यातलं तंत्रज्ञान केंद्र याच कंपनीचं असल्यामुळे इथल्या वाणसामानाच्या दुकानात अधूनमधून मराठी कानावर पडतं. माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, सानसवाडीपासून फार लांब नाही. म्हणजे माझ्या आयुष्याची दोन्ही टोकं ट्रॅक्टरनेच जोडलेली आहेत.

सीडर फॉल्सच्या सीर्ली बुलेव्हार्डवर एक घर आहे. तिथे आता गावाचं कलाकेंद्र चालतं. हे घर जेम्स हर्स्ट या कवीचं. त्याने ते गावाला देऊन टाकलं. पहिल्यांदा गेले ती थंडी चुकवायला. तिथे हर्स्टच्या समग्र कवितेचा जाडजूड खंड चाळायला घेतला आणि एका कवितेपाशी थांबले.

कवितेत एक मुलगा बापाबरोबर घोडागाडीतून घरी चाललाय. बापाच्या अंगात घोड्याच्या कातड्याचा कोट. बापाला वाट ठाऊक आहे, आणि वाटेवर एक झाड आहे. बाप आणि झाड मुलाला एकत्रच आठवतात. मग वर्षं जातात. तोच मुलगा आता शेतकरी झालाय. वर घिरट्या घालणाऱ्या ससाण्याला तो सांगतो की झाड कुजलंय, नव्या यंत्रासाठी फाटक रुंद करायचंय, खुणेचं झाड काय, लोक लवकरच विसरतील. ससाणा म्हणतो, तू म्हणशील तसं, मला हद्दपारीची सवय आहे. मग यांत्रिक करवत चालते, ट्रॅक्टरला वाट होते, आणि बुंध्यातून जे वाहतं ते रक्त असतं. या माणसाला जे जे ठाऊक होतं ते सगळं त्या रक्तात असतं.

ज्या गावात ते ट्रॅक्टर बनतात आणि ज्या घराची चूल त्यांच्यावर पेटते, तिथे बसून मी ही कविता वाचत होते. कवितेने मला धरून ठेवलं ते एका गोष्टीमुळे: यात यंत्राला शिवी नाही. झाड तोडणारा कुणी परका कंत्राटदार नाही, कुणी सरकारी बाबू नाही. तोडणारा कवी स्वतः आहे. तोडण्याचं कारण त्याने आधीच शोधून ठेवलंय, ससाण्याला दिलंही आहे, आणि तरी बुंध्याने काय सांगितलं ते त्याने लिहून ठेवलं. गावाबद्दल लिहिणारे बरेच जण स्वतःला गुन्ह्यातून वगळतात. हा वगळत नाही.

हर्स्टचा जन्म १९०० सालचा, सीडर फॉल्सजवळच्या शेतावरचा. वडील मोठे शेतकरी, पुढे आयोवाच्या फार्म ब्युरोचे, म्हणजे शेतकऱ्यांच्या राज्य संघटनेचे अध्यक्ष. १९१९ साली, विशीही गाठली नसताना, हा मुलगा सीडर नदीत सूर मारायला गेला. पाणी उथळ होतं, मानेला मार बसला आणि शरीराचा बराच भाग कायमचा लुळा पडला. पुढची कितीतरी वर्षं त्याने भावाबरोबर शेती केली आणि तिच्यातूनच कविता लिहिली. १९४१ पासून तो तिथल्याच शिक्षक महाविद्यालयात, आजच्या नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात, लेखन शिकवायला लागला. पदवी पुरी न झालेला हा माणूस तीस वर्षांहून अधिक काळ प्राध्यापकी करत होता. १९८३ साली तो गेला.

चरित्र एवढंच पुरे. अपंगत्वावर मात करणारा कवी म्हणून त्याची ओळख करून देण्याची पद्धत मला खटकते, कारण मग कविता बाजूला राहते.

दुसरी पद्धत त्याहून अधिक नुकसान करणारी आहे. त्याला 'प्रादेशिक कवी' म्हणायचं. बॉस्टनच्या आसपासचं रान कवितेत आलं की ती अमेरिकन कविता, आणि आमच्या सीडर फॉल्सच्या ब्लॅक हॉक परगण्यातलं रान आलं की प्रादेशिक. १९३० च्या दशकात ग्रँट वुडसारख्या आयोवाच्या चित्रकारांनी हा शब्द अभिमानाने मिरवला होता. आपल्या मातीतलंच रंगवू, शहराच्या मान्यतेची वाट बघणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. हळूहळू तोच शब्द कपाटाचा खालचा कप्पा झाला. प्रादेशिक म्हटलं की वाचायची निकड उरत नाही, नुसतं कौतुक करून मोकळं होता येतं.

पण हर्स्टची एक कविता घ्या. शेजारी विचारतो की माझ्या शेतात दगड आहेत का? उत्तर येतं की मला काय ठाऊक, नांगरून बघ. फाळाला मातीहून कठीण काही लागलं, टोक तुटलं, ट्रॅक्टरने झटका देऊन तुला बाकावरून खाली फेकलं, तर समज की दगड होता. याचा अर्थ हिमनदीने माझ्या शेतात खिसा रिकामा केला तसा तुझ्याही शेतात केलाय. आणि शेवटी तो म्हणतो, वस्तूशी प्रत्यक्ष गाठ पडणं एवढं एकच सत्य मला माहीत आहे, तेव्हा नांगर.

ही कविता समजायला आयोवाचा नकाशा लागत नाही. पण ती सुचायला आयोवाच लागतं. ईशान्य आयोवाच्या काळ्या जमिनीत हिमयुगाने आणून टाकलेले ग्रॅनाइटचे धोंडे आहेत, काही पार खोलीएवढे. दर हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते आणि खालचे गोटे वर ढकलते. गेल्या वर्षी वेचून साफ केलेल्या वावरात या वर्षी पुन्हा दगड. हा भूगोल वगळला तर कवितेतलं सत्य नुसतं सुविचार होऊन बसेल. ज्ञान म्हणजे फाळ मोडण्याची तयारी, ही कल्पना त्याला तत्त्वज्ञानाच्या वर्गात मिळाली नाही. ती त्याला मोडलेल्या फाळाने दिली. म्हणून मी म्हणते की कवितेचं 'स्थानिक' असणं हेच तिचं प्रमाणपत्र आहे.

माझा मुद्दा मात्र एका कवीच्या कौतुकापुरता नाही. राज्याने जमिनीची नोंद ठेवायची, तर त्या जमिनीवर जगण्याची नोंद ठेवायची जबाबदारी राज्याची आहे की नाही?

आपल्याकडे सातबारा आहे. कोणाची जमीन, किती आकार, कोणतं पीक, कोणाचा बोजा. आयोवाच्या प्रत्येक परगण्यातही मालकीहक्काचं दप्तर असतं, आणि ९९ परगण्यांची ही दप्तरं फार निगुतीने ठेवलेली आहेत. शेतीची जनगणना होते. तिच्यातून कळतं की १९३५ साली आयोवात दोन लाख वीस हजारांच्या आसपास शेतं होती आणि २०२२ च्या मोजणीत ती सुमारे ८७ हजार उरली. जमीन जवळपास तेवढीच, वर राबणारी घरं निम्म्याहून कमी. का, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. संकरित मका आला, ट्रॅक्टर आला, घोडे गेले. १९७० च्या दशकात केंद्रीय कृषिमंत्री अर्ल बट्झ यांनी शेतकऱ्यांना कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरायला सांगितलं. लोकांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या. मग व्याजदर चढले, धान्याचे आणि जमिनीचे भाव कोसळले आणि १९८० च्या दशकात कितीतरी पिढीजात शेतांचे लिलाव झाले.

हे सगळं दप्तरात आहे. पण फाटक रुंद करताना त्या माणसाच्या पोटात काय झालं, ते दप्तरात नाही. बापाची वाट ज्या झाडाने ओळखायची ते झाड आपल्याच हाताने पाडताना तो स्वतःला काय सांगत होता, हे कोणत्याही जनगणनेच्या रकान्यात मावत नाही. ते हर्स्टच्या कवितेत आहे. धोरण ठरवणाऱ्याला आकडा सांगतो की यंत्र आलं आणि माणूस कमी झाला. कविता सांगते की माणसाने यंत्राला स्वतः हो म्हटलं, आणि त्या होकाराची किंमत त्याला माहीत होती. ही बातमी आकड्यापेक्षा वेगळी आहे आणि धोरणाला ती हवीच. शेतकऱ्याला एक तर अडाणी बळी नाही तर नुसता नफेखोर धंदेवाला मानून आखलेली धोरणं कशी फसतात ते आयोवाने पाहिलंय आणि आमच्या शिरूरनेही.

या नोंदी टिकल्या कशा, ही गोष्टही सांगण्यासारखी आहे. हर्स्टचा पहिला संग्रह १९३७ साली निघाला. तो काढणारा माणूस होता कॅरल कोलमन, मिसिसिपीकाठच्या मस्कटीन गावातला. त्याचा प्रेअरी प्रेस हा छोटासा छापखाना, आणि हाताने अक्षरं जुळवून देखणी पुस्तकं काढायचा त्याला ध्यास. मंदीचा काळ, मक्याला भाव नाही. १९३३ साली आयोवाच्याच ल मार्स गावात जप्तीचे हुकूम देणाऱ्या न्यायाधीशाला चिडलेल्या शेतकऱ्यांनी कोर्टातून ओढून नेऊन गळ्यात फास घातला होता. शेवटी त्याला जिवंत सोडलं, पण राज्यपालांना लष्कर बोलवावं लागलं. हर्स्टचे वडील त्या काळात शेतकऱ्यांसाठी समित्यांमध्ये भांडत होते. मुलगा त्याच शेताबद्दल कविता लिहीत होता. वडिलांची भाषणं आज कोण वाचतं? मुलाच्या कविता मी, शिरूरची बाई, वाचतेय. ज्या छापखान्याने त्या छापल्या त्याला त्यातून काय मिळालं असेल याची कल्पना करता येते.

पुढे संग्रह येत गेले, संपत गेले. छोट्या प्रकाशकांची पुस्तकं संपली की संपली. २००१ साली आयोवा विद्यापीठाच्या प्रकाशनाने स्कॉट कॉवेल्टी यांनी संपादित केलेली समग्र कविता काढली, म्हणून हा माणूस एका जागी वाचता येतो. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठाने त्याच्या कविता संगणकावरही सर्वांसाठी खुल्या केल्या. दोन्ही विद्यापीठं सरकारी, लोकांच्या पैशावर चालणारी. बाजाराने हे केलं नसतं. १९८३ साली वारलेल्या, न्यूयॉर्कच्या प्रकाशकांना फारशा ठाऊक नसलेल्या शेतकऱ्याचा पाचशेहून अधिक पानांचा खंड कोणता व्यापारी काढेल?

आणि नेमकी हीच व्यवस्था आज अंगावरचं ओझं समजली जाते. शेजारच्या मिझुरी राज्यात २०१२ साली विद्यापीठाने आपलं प्रकाशन बंद करत असल्याचं जाहीर केलं. वर्षाला सुमारे चार लाख डॉलरचं अनुदान वाचवायचं होतं. एवढ्या मोठ्या विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम किती क्षुल्लक! याच प्रकाशनाने, मिझुरीतच जन्मलेल्या लँग्स्टन ह्यूज या मोठ्या कृष्णवर्णीय कवीचं समग्र साहित्य अनेक खंडांत काढलं होतं. लेखकांनी आपली पुस्तकं परत मागितली, वाचकांनी सह्यांची मोहीम केली आणि काही महिन्यांत निर्णय फिरला. २०१५ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठात तसंच झालं, तिथेही लोकांनी आवाज केल्यावर प्रकाशन वाचलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने राज्याराज्यांतल्या मानव्यविद्या परिषदांची अनुदानं अचानक थांबवली आणि प्रकरणं न्यायालयात गेली. त्याच वर्षी आयोवा सिटीतल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाचं केंद्राकडून येणारं अनुदानही बंद झालं. या कार्यक्रमाशी आपलं नातं आहे. दिलीप चित्रे १९७५ साली तिथेच गेले होते. सीडर रॅपिड्सच्या पॉल एंगल या कवीने ह्वालिंग निए यांच्यासोबत १९६७ साली तो सुरू केला, आणि मक्याच्या शेतांनी वेढलेल्या गावात जगभरचे लेखक येऊन राहू लागले. आयोवाने जगाला ऐकलं, कारण आपल्या मातीतलं ऐकायचीही त्याला सवय होती. या दोन्ही सवयी एकाच घरातल्या आहेत असं मला वाटतं.

यावर एक आक्षेप मला इथल्याच एका शेतकऱ्याने ऐकवला. चांगला माणूस, सोयाबीन आणि मका करणारा. तो म्हणाला, माझ्या कराच्या पैशातून कविता कशाला? त्यापेक्षा मातीपरीक्षण द्या, पूर आला की मदत द्या. मी हा प्रश्न हलका मानत नाही. ज्याच्या डोक्यावर बँकेचं कर्ज आहे त्याला हे विचारायचा पूर्ण अधिकार आहे. पण मातीपरीक्षण त्याच्या बांधापर्यंत कसं पोचलं, हे त्याने आठवावं. १८६२ साली अमेरिकेत कायदा झाला की केंद्राने राज्यांना जमीन द्यायची आणि ती विकून राज्यांनी शेती आणि यंत्रविद्येची महाविद्यालयं काढायची. तो कायदा सर्वांत आधी स्वीकारणारं राज्य आयोवा होतं. १९१४ साली आणखी एक कायदा होऊन विद्यापीठाचं ज्ञान थेट बांधावर नेणारी विस्तारसेवा सुरू झाली. या सगळ्यामागे एकच धारणा होती: शेतकऱ्याच्या मुलालाही ज्ञानाचा हक्क आहे आणि तो बाजाराच्या भरवशावर सोडायचा नाही. मूळ कायद्यात तर इतर शास्त्रं आणि अभिजात विद्या वगळू नयेत असंही लिहिलेलं आहे. शेतकऱ्याला फक्त नत्र-स्फुरद-पालाश कळलं की पुरे, असं त्या कायदा करणाऱ्यांना वाटत नव्हतं. मग आपल्याला का वाटावं?

आणि रकमेबद्दल बोलायचं तर एका कवितासंग्रहाला लागणाऱ्या पैशात मोठा नवा ट्रॅक्टर येत नाही. हे मी ट्रॅक्टरच्या घरातून सांगतेय.

दुसरा आक्षेप असा की आता सगळं संगणकावर ठेवता येतं, तर छापायचं कशाला? संगणकावरच्या खुल्या कवितांचा मलाच उपयोग झाला, तेव्हा त्याला नावं ठेवणार नाही. पण कविता नुसती साठवली म्हणजे जपली असं होत नाही. कोणीतरी पाठभेद बघावे लागतात, कोणती कविता कधीची ते लावावं लागतं, पुढच्या वाचकाला हात धरून आत न्यावं लागतं. हे संपादकाचं काम आहे आणि संपादकाला पगार लागतो. खंड तयार होता म्हणूनच त्यावर पुढचं काही उभं राहू शकलं.

तिसरा प्रश्न दर्जाचा. हर्स्ट सगळाच थोर नाही. शेकडो कवितांच्या खंडात पुनरुक्ती आहे. काही कविता पहिल्या चार ओळींत जिवंत असतात आणि मग उपदेशाकडे झुकतात. बायकांचं राबणं तो बहुतेक वेळा अंगणातून पाहतो. चुलीपाशी, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी, हिशेबाच्या वहीपाशी जी शेती चालते तिच्यात तो क्वचित शिरतो. माझी आई हे वाचून काय म्हणेल ते मला माहीत आहे. आणखी एक मोठी पोकळी आहे. परगण्याचं नाव ब्लॅक हॉक, ते सॉक या मूळनिवासी लोकांच्या नेत्याचं. १८३२ च्या युद्धानंतर त्याच्या लोकांकडून पूर्व आयोवाची जमीन काढून घेतली गेली. ज्या काळ्या मातीवर हर्स्टची पिढी नांगर धरून होती तिच्यावर त्याआधी कोणाचं जगणं होतं, याचा मी खंडभर शोध घेत राहिले आणि मन भरेल असं काही हाती लागलं नाही.

पण या उणिवा मला दिसल्या त्या समग्र खंड समोर होता म्हणून. निवडक वीस कवितांचं गोजिरं पुस्तक असतं तर मी हर्स्टला गावाकडचा प्रेमळ आजोबा समजून परत ठेवला असता. नोंद पूर्ण असली की तिच्यातली गाळलेली जागाही बोलते. सातबाऱ्यावर एखाद्या बहिणीचं नाव नसतं तेव्हा तिचं नसणंच पुरावा होतं. आपल्याकडे कितीजणींनी त्या पुराव्यावर दावे लढवलेत!

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आयोवाने हर्स्टचा खंड छापील ठेवावा आणि त्याच्या शेजारी त्याने न पाहिलेल्या आयोवाचे खंड काढावेत: शेतावरच्या बायकांचे, जमीन पुन्हा विकत घेऊन टामा गावाजवळ आजही राहणाऱ्या मेस्क्वाकी या मूळनिवासी लोकांचे, वॉटर्लूच्या कारखान्यात दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीय कामगारांचे. ब्लॅक हॉक परगण्यातल्या शाळांत दगडांची ती कविता मुलांना वर्गात नव्हे, वसंतात गोटे वेचताना शिकवावी. अनुदान द्यायचं की नाही याचा निर्णय किती प्रती खपल्या यावर होऊ नये. मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेला कुणी विचारत नाही की यंदा किती नफा झाला.

परवा आण्णांना, माझ्या वडिलांना, फोनवर ती झाडाची कविता मराठीत सांगितली. जमली तशी, अडखळत. ससाण्यापाशी ते हसले. मग म्हणाले, "झाड कसलं व्हतं?"

कवितेत सांगितलेलं नाही, मी म्हटलं.

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी आमच्या वस्तीच्या वळणावरच्या लिंबाची हकिकत सांगितली. मला फक्त तिथला बुंधा आठवतो, आम्ही पोरं त्यावर बसून बसची वाट बघायचो. उसाची ट्रॉली वळत नव्हती म्हणून आण्णांनीच तो पाडला होता. आजोबा तेव्हा हयात होते. ते दोन दिवस जेवले नाहीत आणि आण्णांशी बोललेही नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन फांद्या तोडून सरपण रचून आले. चाळीस वर्षांत हे आण्णांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आण्णा, जरा हळू सांगा, मी लिहून घेते.